वैमानिक कक्षातील मौनाची किंमत

२०१८ सालच्या पहिल्याच दिवशी लंडनहून मुंबईकडे निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात, हजारो फूट उंचीवर, दोन वैमानिकांमध्ये भांडण जुंपले. कप्तानाने सहवैमानिक महिलेच्या थोबाडीत मारली, असा आरोप झाला. ती रडत वैमानिक कक्षाबाहेर आली, इतर कर्मचाऱ्यांनी समजूत घालून तिला परत आत पाठवले आणि या गोंधळात काही काळ दोन्ही आसने रिकामी राहिली, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. विमानात ३२४ प्रवासी आणि १४ कर्मचारी होते. सुदैवाने विमान मुंबईस सुखरूप उतरले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोघांचे परवाने निलंबित केले आणि कंपनीनेही दोघांना नोकरीवरून दूर केले. पुढे एप्रिल २०१९ मध्ये त्या कंपनीचीच उड्डाणे आर्थिक डबघाईमुळे बंद पडली, हा भाग निराळा.

असा प्रकार हा एकच नव्हे. एप्रिल २०१५ मध्ये जयपूरहून दिल्लीस जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात उड्डाणापूर्वीची आकडेवारी लिहून घेण्यासारख्या किरकोळ कारणावरून कप्तान व सहवैमानिक यांच्यात हातघाई झाल्याचा आरोप झाला होता. जून २०२२ मध्ये जिनिव्हाहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या दोन वैमानिकांनी विमान आकाशात असतानाच एकमेकांवर हात टाकला आणि कंपनीने त्यांना निलंबित केले. शिष्टाचार, शिक्षण आणि घसघशीत वेतन या तिन्ही गोष्टी ज्या व्यवसायात आहेत, त्यात माणसे हातापायीवर येतात हे वाचून सामान्य वाचकाची करमणूक होते. चार दिवस चर्चा होते, शिक्षा होते आणि विषय मिटतो.

वस्तुतः विषय तेथे मिटत नाही. तो तेथे सुरूसुद्धा होत नाही. वर सांगितलेल्या तिन्ही प्रसंगांत एकाही प्रवाशाच्या केसाला धक्का लागला नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आपल्या देशातील दोन मोठ्या अपघातांत माणसे दगावली, ती ज्या ठिकाणी मतभेद वेळीच तडीस जायला हवा होता आणि गेला नाही अशा ठिकाणी. आरडाओरडीचे भांडण निंद्य आहेच. पण वैमानिक कक्षातील खरा धोका भांडणाचा नसून मौनाचा आहे, आणि या मौनाला व्यक्तीच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेची रचना अधिक जबाबदार आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून विमानातील कक्षाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर मराठवाड्याने स्वतः पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी त्या वेळच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईसाठी निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीवर आदळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्यू पावले. विमानाचे नाक उचलण्यास वैमानिकांकडून झालेला उशीर आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक न रोखणे, ही दोन कारणे चौकशीत पुढे आली. आपल्या भागातला कापूस आणि आपल्या भागातला रस्ता त्या अपघातात सापडला. शिवाय मंगळूर व कोझिकोड येथे जे गेले त्यांत फार मोठी संख्या आखातात राबून गावी परतणाऱ्या साध्या कष्टकरी कुटुंबांची होती. विमान ही आता केवळ श्रीमंतांची बाब राहिलेली नाही.

मंगळूर आणि कोझिकोड

२२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरताना टोकापलीकडे गेले आणि दरीत कोसळून पेटले. १६६ पैकी १५८ जण दगावले, आठ वाचले. चौकशी हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. ध्वनिमुद्रकावर सुमारे दोन तास पाच मिनिटांचे मुद्रण होते. त्यातील पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत दोघा वैमानिकांचे संभाषणच नव्हते, घोरण्याचा आवाज मात्र होता. कप्तान झोपला होता. जाग आल्यावर त्याच्या लक्षात आले की विमान हवे त्यापेक्षा फार उंच आहे. ती उंची घाईने कमी करताना विमान अस्थिर झाले. अशा वेळी उतरण्याचा नाद सोडून पुन्हा वर जायचे आणि चक्कर मारून नव्याने उतरायचे, हा सर्वमान्य नियम आहे. वैमानिक त्याला ‘गो अराउंड’ म्हणतात. सहवैमानिकाने हे शब्द एकदा नव्हे, तीनदा उच्चारले. धोक्याची सूचना देणारे यंत्रही बोलत होते. कप्तानाने ऐकले नाही.

गोखले समितीने अपघाताचे थेट कारण कप्तानाच्या या हटवादात शोधले. परंतु अहवालातील एक दुय्यम वाटणारे निरीक्षण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. सहवैमानिकाने पुनःपुन्हा सूचना दिली, पण विमानाचे नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. कारण तसे करण्याचा अधिकार त्याला केव्हा पोचतो याविषयीच्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती, असे समितीने सुचवले. म्हणजे त्या तरुणाला धोका कळला होता, तो बोललाही होता. परंतु बोलून झाल्यावर पुढे काय करायचे याचे निःसंदिग्ध उत्तर त्याच्याजवळ नव्हते. १५८ जीव या एका संदिग्धतेच्या फटीतून निसटले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, महामारीच्या काळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणणारे त्याच कंपनीचे विमान कोझिकोडला आले. ही धावपट्टीही डोंगरमाथ्यावरचीच. धो धो पाऊस, पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागलेला, कप्तानासमोरच्या काचेवरील वायपर नीट चालत नव्हता आणि दुसऱ्या प्रयत्नात वारा पाठीमागून येत होता. जवळपास निम्मी धावपट्टी मागे टाकून विमानाची चाके जमिनीला लागली. विमान टोकापलीकडे जाऊन खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. १९० पैकी २१ जण मृत्यू पावले. त्यांत दोघे वैमानिकही होते.

कप्तान दीपक साठे हे नागपूरचे. हवाई दल प्रबोधिनीतील मानाच्या तलवारीचे मानकरी, हवाई दलात विंग कमांडर, चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले. त्यांच्या कौशल्याविषयी किंवा निष्ठेविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणासही नाही. मराठी माणसाने त्यांच्याविषयी अभिमान बाळगावा अशीच त्यांची कारकीर्द होती. आणि नेमके म्हणूनच हा अपघात आपल्याला काही शिकवतो. आळशी किंवा अननुभवी माणसाच्या हातून चूक झाली तर आपण त्या माणसाला दोष देऊन मोकळे होतो. उत्तम माणसाच्या हातून चूक झाली की व्यवस्थेकडे पाहावेच लागते.

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात हेच दिसते. सहवैमानिकाने आरंभी प्रमाणित नसलेल्या, मोघम शब्दांत लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला; मग दबक्या, अस्वस्थ स्वरात कप्तानाला नुसती हाक मारली; आणि अखेर ‘गो अराउंड’ म्हटले. तोवर फार उशीर झाला होता. परिस्थितीचे गांभीर्य पूर्णपणे ठाऊक असूनही त्याने नियंत्रण हाती घेतले नाही, कारण दोघांतील अधिकाराचा उतार फार तीव्र होता, असे अहवाल सांगतो. म्हणजे २०१० मध्ये जो धडा छापून झाला होता, तोच २०२० मध्ये पुन्हा छापावा लागला.

आर्जवाची भाषा

हा दोष केवळ भारताचा नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. आजही विमान वाहतुकीतील तो सर्वांत मोठा अपघात आहे. डच विमानाचा कप्तान त्या कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरचे विमान अजून धावपट्टीवरून हटले नसावे, अशी शंका तिसऱ्या आसनावरील उड्डाण अभियंत्याने बोलून दाखवली. कप्तानाने ती झटकून टाकली आणि मग कोणी काही बोलले नाही. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंडजवळ एक विमान चाकांतील बिघाडाचा उलगडा करीत घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांना कळत होते. पण ते जितक्या निकराने सांगायला हवे होते, तितक्या निकराने सांगितले गेले नाही. दहा माणसे गेली.

मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान उड्डाणानंतर अल्पावधीत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जणांना जलसमाधी मिळाली. कप्तानासमोरचे, विमानाचा कल दाखवणारे यंत्र बिघडले होते; इतर यंत्रे पाहून सावरण्याइतका अवधी आणि संवाद त्या कक्षात उरला नाही.

या अपघातांतून जगाने बोध घेतला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने या प्रश्नावर वैमानिक व संशोधकांची बैठक भरवली आणि १९८१ पासून युनायटेड या कंपनीने आपल्या वैमानिकांना एकत्र काम करण्याचे, म्हणजे बोलण्याचे आणि ऐकण्याचे, रीतसर शिक्षण देण्यास प्रारंभ केला. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते शिक्षण आज जगभर अनिवार्य आहे. त्याचा गाभा साधा आहे. यंत्राचे ज्ञान पुरेसे नाही. शेजारच्या माणसाजवळ असलेले ज्ञान वेळेवर कप्तानापर्यंत पोचले पाहिजे.

हे पोचत का नाही? याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत आपण वडीलधाऱ्याला थेट चूक दाखवत नाही. ‘आपले चुकते आहे’ असे न म्हणता ‘जरा पाहता का’, ‘राग नसावा, पण’, ‘माझेच कदाचित चुकत असेल’ अशा पायऱ्या उतरत आपण मुद्द्याशी येतो. दिवाणखान्यात ही भाषा गोड वाटते. धावपट्टीपासून वीस सेकंदांवर ती जीवघेणी ठरते. कोझिकोडच्या सहवैमानिकाचे आरंभीचे मोघम शब्द आणि दबकी हाक ही याच आर्जवी वळणाची भाषा होती.

या भाषेचे शिक्षण कोठे मिळते, हे मला माझ्या वर्गात कळले. एकदा राष्ट्रीय उत्पन्नाचे उदाहरण फळ्यावर सोडवताना मी घसारा वजा करण्याऐवजी मिळवला. सारा वर्ग मुकाट्याने ते गणित वहीत उतरवून घेत होता. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी वर्गाबाहेर थांबली आणि खाली पाहत म्हणाली, “सर, रागावणार नसाल तर एक विचारू?” तिला चूक पाचव्या मिनिटाला दिसली होती. मी विचारले, “मग तेव्हाच का नाही सांगितलेस?” ती काही बोलली नाही. उत्तर मला ठाऊक होते. वर्षानुवर्षे मीच ते तिला आणि तिच्या आधीच्या मुलांना शिकवत आलो होतो. वहीतील चूक दुसऱ्या दिवशी खोडता आली. अशाच वर्गांतून पुढे सहवैमानिक, परिचारिका, कनिष्ठ अभियंते आणि कारकून होतात, आणि त्यांच्या वह्यांतील प्रत्येक चूक खोडता येण्यासारखी नसते.

बोलण्याचा भुर्दंड कोणाला?

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र केवळ संस्कारांचे कारण पुरेसे वाटत नाही. माणूस गप्प बसतो तेव्हा तो बहुधा काही हिशेब करीत असतो. कनिष्ठ वैमानिक बोलला आणि त्याचे म्हणणे खरे ठरले, तर लाभ दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांना होतो, आणि अपघात न झाल्यामुळे तो लाभ कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो बोलला आणि खोटा पडला, तर कप्तानाची नाराजी, पुढील नेमणुकांतील कुरबूर, बढतीच्या वेळी प्रतिकूल शेरा हा सगळा भुर्दंड मात्र त्याच्या एकट्याच्या खात्यावर चढतो. लाभ सार्वजनिक आणि खर्च खाजगी असला की त्या वस्तूचा पुरवठा अपुरा पडतो, हा आमच्या शास्त्रातील प्राथमिक सिद्धांत आहे. वैमानिक कक्षात ती वस्तू म्हणजे स्पष्ट शब्द.

हा खर्च लहान नाही. वैमानिक होण्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबाला लाखो रुपये मोजावे लागतात. अनेकदा घर किंवा जमीन गहाण पडते. कर्जाचे हप्ते चालू असलेला पंचविशीतला तरुण, ज्याच्या अहवालावर आपली कप्तानकी अवलंबून आहे, त्याच्याशी वाद घालताना दहा वेळा विचार करील. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की बिघडत चाललेल्या संस्थेत माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आकाशात निघून जाण्याचा मार्ग नसतोच. जमिनीवरही तो सोपा नाही. २०१७ मध्ये महासंचालनालयाने नोकरी सोडताना द्यावयाच्या पूर्वसूचनेची मुदत कप्तानांसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकांसाठी सहा महिने केली. कंपन्यांची उड्डाणे अचानक कोलमडू नयेत हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. परंतु ज्याला सहज जाता येत नाही, त्याला निदान निर्भयपणे बोलता तरी आले पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू होती.

कप्तानाच्या बाजूनेही असाच हिशेब असतो. कोझिकोडच्या अहवालात नमूद आहे की कप्तानांना दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच एक उड्डाण घेऊन जायचे होते, आणि पर्यायी विमानतळाकडे न वळता तेथेच उतरण्याच्या निर्णयामागे ही चिंता असावी. त्या तळावर कप्तानांची उणीव होती. म्हणजे दूर कोठल्याशा कार्यालयात कोणी तरी मनुष्यबळाचा खर्च वाचवला आणि त्याचे ओझे पावसाळी रात्री एका कर्तव्यदक्ष माणसाच्या मनावर येऊन पडले. माणसे किती ताणून वापरली जात आहेत, याचा प्रत्यय साऱ्या देशाला डिसेंबर २०२५ मध्ये आला. वैमानिकांना अधिक विश्रांती देणाऱ्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला आणि महिनाभरातच इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. अखेर नियामकालाच त्या कंपनीस तात्पुरती सवलत द्यावी लागली. थकलेला माणूस चिडतो लवकर आणि ऐकतो कमी. वैमानिक कक्षातील वर्तनाचा प्रश्न कामाच्या तासांपासून वेगळा काढता येणार नाही.

याच संदर्भात आणखी एका विचाराकडे लक्ष वेधले पाहिजे. मोठ्या विमानात उड्डाणाच्या मधल्या काळात एकाच वैमानिकाला आसनावर ठेवून दुसऱ्याला विश्रांतीस पाठवावे, म्हणजे माणसे कमी लागतील, अशी कल्पना युरोपात काही वर्षे अभ्यासली जात होती. तेथील नियामक संस्थेने २०२५ मध्ये असा निष्कर्ष काढला की आजच्या कक्षांत अशी व्यवस्था तितकीच सुरक्षित राहील हे पुरेसे सिद्ध होत नाही. दुसरा वैमानिक हा हिशेबाच्या वहीत खर्च दिसतो, प्रत्यक्षात तो विमा असतो. मात्र ज्या विम्याचा दावा कोणी मान्यच करीत नाही, त्याचा हप्ता भरण्यात काय हशील? ज्याचे ऐकायचे नाही असा दुसरा माणूस शेजारी बसवणे म्हणजे कक्षात प्रत्यक्षात एकच वैमानिक ठेवणे होय.

शिस्तीचा आक्षेप आणि वाहकाची घंटी

यावर एक गंभीर आक्षेप येतो. जहाजाला दोन कप्तान असले की ते बुडते. प्रत्येक कनिष्ठाने हुज्जत घालायची म्हटल्यास निर्णय होणार कसे? शिवाय कनिष्ठ नेहमी बरोबरच असतो असेही नाही. हा आक्षेप टाकाऊ नाही. शिस्त नसलेला कक्ष कसा दिसतो, हे लंडन-मुंबई विमानाने दाखवलेच आहे.

परंतु येथे दोन प्रकारच्या चुकांची किंमत तोलून पाहावी. समजा, सहवैमानिकाचा अंदाज चुकला आणि विनाकारण विमान पुन्हा वर न्यावे लागले. नुकसान किती? थोडे इंधन, दहा-पंधरा मिनिटांचा विलंब, प्रवाशांची थोडी कुरकुर. आता समजा, त्याचा अंदाज बरोबर होता आणि विमान वर नेले नाही. नुकसान किती, ते मंगळूरच्या दरीने सांगितले आहे. एका पारड्यात इंधनाचे देयक आणि दुसऱ्यात १५८ माणसे असतील, तर कोण बरोबर याचा वाद घालत बसण्याचे कारणच उरत नाही. दोघांपैकी कोणीही शंका घेतली की विमान वर न्यावे, हाच शहाणपणाचा नियम ठरतो. याने कप्तानाचा अधिकार जात नाही. विमान कोठे न्यायचे, केव्हा न्यायचे, पुन्हा उतरायचे की दुसरीकडे वळायचे हे सारे त्याच्याच हाती राहते. फक्त सहकाऱ्याच्या इशाऱ्यानंतरही उतरण्याचा हट्ट धरण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेतला जातो.

असा नियम अव्यवहार्य वाटत असेल त्याने जालन्याहून मंठ्याकडे येणाऱ्या एसटीत बसावे. वाहकाने एकदा घंटी दिली की चालक गाडी थांबवतो. दोनदा दिली की गाडी निघते. वाहक कालपरवा नोकरीस लागलेला असेल आणि चालकाने पंचवीस वर्षे स्टिअरिंग धरलेले असेल. तरीही एक घंटी वाजल्यावर चालक ‘तू कोण मला सांगणारा’ असे विचारीत नाही. तो आधी थांबतो, मग मागे वळून काय झाले ते विचारतो. फलाटावरून गाडी मागे घेताना वाहकाची शिट्टी थांबली की ब्रेक लागतो. त्यात चालकाचा अपमान होत नाही, कारण घंटी ही वाहकाच्या मनाची लहर नसून नियमाची खूण आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. रस्त्यावरच्या पन्नास प्रवाशांसाठी जे आपण दशकानुदशके बिनबोभाट पाळतो, ते आकाशातील दीडशे प्रवाशांसाठी पाळता येणार नाही, असे कोण म्हणेल?

विमान वाहतुकीत हा विचार अपरिचित नाही. सहकाऱ्याने दोनदा स्पष्ट इशारा देऊनही विमान चालवणाऱ्याने प्रतिसाद दिला नाही, तर तो कार्यक्षम नाही असे मानून दुसऱ्याने नियंत्रण घ्यावे, हा संकेत अनेक ठिकाणी शिकवला जातो. उणीव आहे ती संकेताचे सवयीत रूपांतर होण्याची. त्यासाठी तीन गोष्टी अत्यावश्यक वाटतात. पहिली, ‘गो अराउंड’ हा शब्द सल्ला नसून आज्ञा आहे, मग तो कोणत्याही आसनावरून येवो, असे प्रत्येक कंपनीच्या नियमपुस्तकात शंकेला जागा न ठेवता लिहिलेले असावे. दुसरी, कंपन्या कागदोपत्री म्हणतात की विमान पुन्हा वर नेल्याबद्दल कोणास शिक्षा नाही. प्रत्यक्षात तशा उड्डाणांनंतर संबंधितांच्या नेमणुका व बढत्या यांवर परिणाम झाला का, याची तपासणी कंपनीबाहेरच्या यंत्रणेने करावी. तिसरी, सहवैमानिकाने प्रत्यक्ष नियंत्रण घेण्याचा सराव प्रशिक्षणाच्या कृत्रिम कक्षात केवळ नवशिक्यांकडून नव्हे, तर ज्येष्ठ कप्तानांना समोर बसवून करून घ्यावा. ऐकण्याचाही सराव लागतो.

आणि हातघाईचे काय? त्यांना कडक शासन व्हावेच. सहकारी स्त्रीवर हात उगारण्याच्या प्रकाराला तर कोणतीही सबब असू शकत नाही. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण जगातील बहुतेक देशांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे; पण अधिकाराच्या उतारात स्त्रीपुरुष भेदाची भर पडली तर तो उतार आणखी निसरडा होतो. तथापि केवळ शिक्षेवर भर दिला तर एक विपरीत परिणाम संभवतो. कोणताही मतभेद म्हणजे गैरवर्तन, अशी समजूत रुजेल आणि माणसे अधिकच गप्प बसतील. मतभेद आणि मारामारी यांत फरक आहे. मतभेदाला रीतसर वाट करून दिली, तर मारामारीची वेळ बहुधा येणार नाही.

हा प्रश्न विमानापुरता असता तर तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु शस्त्रक्रियागृहात परिचारिका, धरणाच्या भिंतीवर कनिष्ठ अभियंता, बँकेत रोखपाल आणि कचेरीत कारकून यांच्यासमोर हाच प्रसंग उभा राहतो: साहेबांचे चुकते आहे हे दिसते आहे, आणि सांगण्याची सोय नाही. विमानाचा अपघात ध्वनिमुद्रकामुळे उघड होतो. इतर ठिकाणी असा मुद्रक नसतो, म्हणून तेथील मौनाची मोजदाद होत नाही, एवढाच फरक. आपण शिक्षक मंडळींनी याची सुरुवात करायला हरकत नाही. फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गातच, सर्वांसमोर, तास चालू असताना बोलू द्यावे आणि चूक तिथल्या तिथे पुसावी. ज्याला विसाव्या वर्षी हे करू दिले जाईल, तोच तिसाव्या वर्षी आपल्या कप्तानाला वेळेवर थांबवू शकेल.